बागेसमोरचा कोरडा फ्लॅट

मी मॅरिकव्हिल या देशोदेशींहून आलेल्या लोकांच्या उपनगरातला, बागेसमोरचा, वरच्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट बोलतोय. बाहेरून पाहाल तर लाल विटांचा साधा डबा. मला बांधणारे गवंडी इटलीचे. दिवसभर आपसात भांडायचे, पण एकही भिंत तिरकी जाऊ दिली नाही. माझ्या खिडकीतून बागेतली वडासारखी मोठमोठी झाडं दिसतात. दिवसा तिथे लांब चोचीचे पांढरे पक्षी कचऱ्याचे डबे उपसतात आणि अंधार पडू लागला की वटवाघळं उडतात.

पोलिक्सेनी माझ्याकडे आली ती ग्रीसहून, नवी नवरी होऊन. तिचा नवरा थानासिस बुटांच्या कारखान्यात होता. त्यांचा मुलगा लेफ्तेरिस माझ्याच फरशीवर रांगला, माझीच दारं आपटत मोठा झाला आणि लग्न करून लांबच्या उपनगरात राहायला गेला. एका सकाळी थानासिसच्या छातीत कळ आली. इस्पितळात नेला तो परत आला नाही. मग उरलो ती आणि मी. नळ गळला की ती मला शिव्या द्यायची आणि थंडीत ऊन आत आलं की भिंतीवरून हात फिरवायची.

खालचा रस्ता मात्र बदलत होता. शेजारचे ग्रीक गेले, व्हिएतनामी आले, आता तेही निघालेत. मासळीच्या दुकानात कॉफीवाला बसलाय. माझा म्हातारा मालक होता तोवर भाड्याचं सांभाळून घ्यायचा. तो वारला आणि त्याच्या मुलांनी भाडं असं वाढवलं की पोलिक्सेनीला झेपेना. मग त्यांनी नवा भाडेकरू शोधायला एजंट नेमला.

लेफ्तेरिस म्हणाला, "आई, हट्ट पुरे झाला. आमच्याकडे चल. तुझी खोली रंगवून ठेवलीय."

"तिच्या खिडकीतून काय दिसतं?"

"शेजाऱ्याची गाडी."

"मग तूच राहा त्या खोलीत."

तिच्या मनात वेगळंच होतं. मला दुसऱ्या कुणी भाड्याने घेतलंच नाही, तर मालक आपल्या पायांनी येतील आणि म्हणतील, राहा बाई जुन्याच भाड्यात.

दर शनिवारी एजंट ब्रेडन लोकांना घेऊन यायचा. आधी विनवायचा, "काकू, जरा बागेत जाऊन बसा ना."

"माझ्या घरी माणसं येणार आणि मी बागेत बसू? चल हो बाजूला, कॉफी टाकते."

लोक यायचे, कपाटं उघडून बघायचे. पोलिक्सेनी त्यांच्या हातात कॉफीचा कप द्यायची आणि हळूच सांगायची, "ही भिंत पाहिलीस ना, पोरी? थंडीत नुसती ओल. माझा नवरा इथेच खोकून खोकून गेला."

पोरगी नवऱ्याकडे बघायची. कॉफी अर्धी टाकून दोघं पसार.

थानासिसला खोकला कधीच नव्हता आणि मलाही ओल नव्हती! जिने मला जन्मभर पुसलं, तिच्याच तोंडून ही बदनामी. पण राग कसा येणार? लेक सासरी जाऊ नये म्हणून आईनेच तिला खोड्याळ म्हणावं, तसं होतं ते.

मग एका शनिवारी मेलेआने नावाची एक मुलगी आली. टोंगा बेटांवरची, इस्पितळात काम करणारी. सोबत तिचे वडील तेविता, भला थोरला माणूस, पण जिना चढून धाप लागलेली. दोघं एका नातेवाइकाच्या गॅरेजमध्ये राहत होते. तिथे खिडकीच नव्हती.

तेविता खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. ती पोलिक्सेनीची खुर्ची. बागेत मुलं रग्बी खेळत होती. ते बघत राहिले. एकाने चेंडू पकडला तशी त्यांनी मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने हसले.

"बाबा, उठा आता," मेलेआने म्हणाली. ते उठेनात. ती ओशाळली. "माफ करा हं. खूप दिवसांनी हसलेत."

पोलिक्सेनीने हातातला कप तेवितांपुढे ठेवला.

"खाली कुणीतरी म्हणत होतं, भिंतीला ओल येते. खरं का हो, मावशी?"

"कोण मेला म्हणतो?" पोलिक्सेनी कडाडली. "अशी कोरडी भिंत अख्ख्या रस्त्यावर दाखव मला!"

ब्रेडन खोकला. ती त्याच्यावर उलटली, "बघतोस काय? हिलाच द्यायचं घर. बाकी कोण उरलंय तुझ्याकडे?"

खरंच कुणी उरलं नव्हतं. तिनेच एकेकाला पळवलं होतं.

जायच्या दिवशी तिने माझी फरशी गुडघ्यांवर बसून पुसली. लेफ्तेरिस ओरडत होता, "आई, राहू दे गं, आता दुसऱ्यांचं घर आहे." ती म्हणाली, "म्हणूनच पुसतेय." खुर्ची मात्र तिने नेली नाही.

आता माझ्यात नारळाच्या दुधात शिजणाऱ्या अळूच्या पानांचा वास असतो. तेविता खिडकीत बसून प्रार्थनेची गाणी म्हणतात, इतक्या खड्या आवाजात की खालचा कॉफीवाला वर बघतो.

गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर जिन्यावर पावलं वाजली. ती मी लगेच ओळखली. पावलं दारापाशी थांबली. मग बेल वाजली. इतक्या वर्षांत पोलिक्सेनीने माझी बेल कधी वाजवलीच नव्हती. तिच्याकडे चावी असायची.

तुम्हीही कधी भाड्याचं घर बघायला जाल. तिथे कुणी अजून राहत असेल, तर कपाटं उघडण्याआधी त्या माणसापाशी दोन घटका बसा. आणि पुढे कधी तेच माणूस तुमच्या दारात उभं राहिलं, तर त्याला दुसऱ्यांदा बेल वाजवायला लावू नका. तेवितांनी नाही लावलं, पहिल्याच बेलला दार उघडलं.