ऐकून शिकणारी

“आधी मूल वाचायचं, मग पुस्तक उघडायचं,” मावशी सांगायची. चाळीस वर्षं शिकवण्या घेतलेल्या आपल्या मावशीचा शब्द शिकवणीच्या बाईंनी कधी खाली पडू दिला नव्हता. शिंप्याच्या मुलीला त्यांनी अपूर्णांक शिकवले ते मापाच्या टेपवर. एका जागी पाच मिनिटं न टेकणाऱ्या ‘भिंगरी’ला पाढे शिकवले ते जिन्यावर, पायरीला एक आकडा. सतराचा पाढा गच्चीवर पोचला तेव्हा दोघींना धाप लागली होती, पण पाठ झाला.

त्यामुळे नव्या शिकवणीच्या घरी मुलीच्या आईने पहिल्याच दिवशी बारा पानी अहवाल हातात ठेवला, तेव्हा बाईंना आनंदच झाला. कुठल्याशा तज्ज्ञांनी चाळीस प्रश्नांवरून निष्कर्ष काढला होता: ही मुलगी ऐकून शिकते. म्हणजे मूल वाचायचे कष्टही वाचले!

बाईंनी जीव ओतला. छेद समान करण्याच्या गोष्टी रचल्या, आवाज चढवला, उतरवला. मुलगी टक लावून ऐकायची. तीन आठवड्यांनी सराव परीक्षेत तिला वीसपैकी चार गुण पडले. आणि फेरपरीक्षा परवावर आलेली. त्यात नापास झाली, तर मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि ही आहे तिथेच.

“पालथ्या घड्यावर पाणी!” स्वयंपाकघरातून आई कडाडली. “अगं, तीन चतुर्थांश अधिक दोन तृतीयांश! छेद बारा कर. नऊ आणि आठ सतरा. एक पूर्णांक पाच छेद बारा. भाजी चिरता चिरता मला येतं, तुला बसून येत नाही?”

उत्तर अचूक होतं. बाई चमकल्या.

“ताई, ते चाळीस प्रश्न कोणी सोडवले होते?”

“मीच. तिला कुठे एवढी समज? आणि लेकीला आईपेक्षा जास्त कोण ओळखणार?”

बाईंनी अहवालाकडे पाहिलं. अहवाल शंभर टक्के खरा होता. फक्त तीन आठवडे शिकवणी स्वयंपाकघराची चालली होती.

त्यांनी मुलीला हळूच विचारलं, “तू कशी शिकतेस गं?”

“रागावणार नाही ना?”

“नाही.”

“तुम्ही बोलता तेव्हा सगळं कळतं. इतकं छान सांगता की ऐकतच बसते. मग गणित करायचं राहून जातं.” ती घुटमळली. “मागे तुमचा घसा बसला होता ना, त्या दिवशी माझी सहा गणितं बरोबर आली होती.”

बाईंना हसावं की रडावं कळेना. “बरं. उद्या तासभर मी तोंड उघडणार नाही.”

“मी चुकले तरी?”

“चुकलीस तरी. वचन.”

दुसऱ्या दिवशी आई दाराशीच खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर शेंगांचं ताट.

“बाई, कालची ती भागाकाराची गोष्ट अर्धवट राहिलीय हं!”

बाई तोंडभर हसल्या आणि दार अलगद लोटून घेतलं. मुलीने वही उघडली, पहिलं गणित मांडलं आणि पहिल्याच ओळीत छेदांची सरळ बेरीज केली. बाईंच्या ओठांपर्यंत वाक्य आलं. त्यांनी ते गिळलं, खुर्ची मागे सरकवली आणि हाताची घडी घालून बसल्या.