पोळ्याची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या बुडाकडे एकदा पाहिलंत की कळेल. तिथे मूळच्या फळ्या कमी आणि ठिगळंच जास्त आहेत. डोलकाठी मात्र अजून ताठ आहे, आणि तिचा मला थोडा गर्वही आहे.

प्रवरा जिथे गोदावरीला मिळते तिथल्या काठावर माझा जन्म झाला. नेवाशाच्या एका सुताराने सागाच्या फळ्या आणि बाभळीच्या फासळ्या जोडून मला घडवलं, फटींत कापूस ठासला, वरून राळ आणि तेल चोपडलं. पहिल्या दिवशी मी इतकी गळले की तो बिचारा लाजून जेवायलाही थांबला नाही. मग फळ्या पाण्याने फुगल्या, फटी बुजल्या आणि मी कामाला लागले. माझा मालक पीरमहंमद. घाटावर सगळे त्याला पीरूभाई म्हणत. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे निजामाचा. या दोन काठांमध्ये आम्ही बाजारकरी नेले, शेळ्या नेल्या, मिरच्यांची पोती नेली, एकदा तर मानपानावरून रुसलेलं अख्खं वऱ्हाड नेलं.

लोकांना माझं शीड दिसतं, डोलकाठी दिसते. तिला उभं धरणारे तीन दोर कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. एक पुढे नाकाला बांधलेला, दोन दोन्ही बाजूंना. तंबूला तणावे असतात ना, तसेच हे. ते जुने झाले की आतून कुजतात आणि वरून मात्र चांगले दिसतात, म्हणून वेळच्या वेळी बदलावे लागतात.

आमच्या घाटावर ते पोळ्याला बदलत. पोळ्याला शेतकरी बैलांना नवी वेसण, नवा कासरा घालतात. पीरूभाईकडे बैल नव्हते. गावासाठी दोर वळणारा आसाराम माझ्या नाकावर थाप मारून म्हणायचा, "पीरूभाई, तुजा बैल ह्योच की." मला बैल म्हटलेलं आवडत नसे, पण तो मलाही नवे दोर आणायचा, हळदकुंकू लावायचा आणि पुरणपोळीचा घास ठेवायचा. घास कावळे खायचे, मान माझा असायचा. नव्या दोराची गाठ देणाऱ्यानेच मारायची आणि ती वर्षभर कुणी सोडायची नाही, अशी रीत होती. सोडली तर देणाऱ्याचा अपमान झाला, असं सगळे मानत.

त्रेचाळीस साली लढाई चालू होती. कोकणातून येणारा काथ्याचा दोर बाजारात मिळेना. आसारामने घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे चिवट धागा, काढला आणि माझ्यासाठी स्वतः दोर वळले. विहिरीवरच्या मोटेचा नाडा वळतात तसे, जाड आणि पिळदार. नाड्यासारखेच ते त्याने नदीत भिजत घातले आणि पोळ्याला, रिपरिप पावसात, ओलेच खेचून बांधले. इतके ताठ, की टिचकी मारली तर आवाज यायचा. तो आणि पीरूभाई दोघेही माझ्याकडे कौतुकाने पाहत राहिले, आणि खरं सांगायचं तर मीही फुगले होते.

पण मोटेचा नाडा सदा ओला असतो. वाखाचा दोर भिजला की आखूड होतो, वाळला की सैल पडतो. माझे दोर तर दिवसभर उन्हात. पोळ्यानंतर पावसाने उघडीप दिली आणि तिन्ही तणावे लोंबायला लागले. डोलकाठी बुडाशी टकटक करू लागली. पीरूभाईने ते पाहिलं. त्याचा हात गाठीपर्यंत गेला आणि मागे आला. आसाराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती होता. "ऱ्हाऊ दे, पुढल्या पावसात आवळंल," असं तो माझ्याशीच पुटपुटला.

त्याच दिवसांत पीरूभाईची लेक बानू हिला माहेरी आणायची होती. ती पलीकडच्या गावी दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिची आई मुमताज रोज घाटावर येऊन पलीकडे पाहत उभी राहायची. पाणी उतरायची वाट पाहण्यात फार उशीर झाला होता. शेवटी एका सकाळी पीरूभाईने मला सोडलं आणि आम्ही बानूला आणायला गेलो. परत निघताना पलीकडच्या बाजारात दोर विकायला गेलेला आसारामही माझ्यात येऊन बसला.

अर्ध्या नदीत पश्चिमेकडून वाऱ्याचा जोर आला. शीड फुगलं, उजवा तणावा सैल असल्याने डोलकाठी कलली आणि तिच्याबरोबर मीही. मित्रांनो, मी फार घाबरले. मी जुनी लाकडं, माझं काय होणार होतं? पण माझ्या पोटात बानू बसली होती आणि तिच्या पोटात आणखी कुणी.

"पीरूभाई, शीड उतीर," आसाराम म्हणाला.

"उतीरलं तर धार खाली वढून नेईल, खडकावर. पोरगी हाय संगं."

आसारामने उजव्या तणाव्याला हात लावला. "ह्यो तर ढिला हाय. कवापास्नं?"

"ऊन पडल्यापास्नं."

"मग आवळला का न्हाई?"

पीरूभाईने सुकाणू घट्ट धरलं होतं. रोजे चालू होते, त्याचे ओठ वाळले होते. "तुजी गाठ हाय, आसाराम. पोळ्याची. मी कशी सोडू?"

आसाराम पाय फळीला टेकवून बसला. मग म्हणाला, "गाठीपरीस पोर मोटी हाय रं." त्याने दोन्ही हातांनी तणावा ओढून धरला. "माजंच चुकलं. नाडा समजून वळला म्या. बानू, दोराला पानी पाज."

बानूने माझ्यातलं पाणी उपसायचा डबा उचलला. बसल्या जागेवरून ती नदीचं पाणी दोरावर ओतू लागली. "काका, हात सोडू नका," ती म्हणाली, आणि ओतत राहिली. दोर पाणी प्यायला, हळूहळू आखडला, आणि डोलकाठी सरळ झाली. त्या भिजलेल्या दोराच्या जोरावर आम्ही घाटाला लागलो. मुमताज गुडघाभर पाण्यात आली आणि लेकीला हाताला धरून घेऊन गेली.

आसाराम मात्र उतरला नाही. दोर वाळेपर्यंत तो माझ्यात बसून राहिला. मग त्याने आपल्याच हाताने, दातांनी, पोळ्याच्या तिन्ही गाठी सोडल्या आणि दोरांची टोकं पीरूभाईच्या हातात दिली. "आता तू बांद. ढिला पडला की सोडायचा, पुन्ना आवळायचा. मला इचारायचं न्हाई."

"अन् लोक काय म्हणतील?"

"त्यास्नी बी ह्याच होडीतनं जायचंय."

दोन दिवसांनी बानूला मुलगी झाली. पुढे सव्वा महिन्याची ती पोर मीच पलीकडे नेली. वाटेत ती झोपली होती, आणि मी जन्मात कधी चालले नसेन इतकी हळू चालले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी मायेने बांधून दिलेलं काही असेल. ते सैल पडलं, कुजलं, तर मान राखायचा म्हणून गप्प बसू नका. बांधणाऱ्याला जाऊन सांगा. त्याला वाईट वाटेल, घटकाभर वाटू द्या. त्या दिवशी मी उलटले असते, तर आसारामला जन्मभर वाटलं असतं.