श्वास घेणारा दगड

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर काचेचा वाडगा, वाडग्यात खडबडीत दगड आणि त्याभोवती केशरी समुद्री मासा ऐटीत फिरतोय. ना मशीन, ना नळी. दगडाच्या भोकातून मात्र संथ पाणी उसळत होतं.

"श्वास घेतोय!" कुणीतरी पुटपुटलं.

"घेणारच!" दुकानदार, म्हणजे लोकांचे सागरगुरू, डोळे मिटून म्हणाले. "टाकी केवढी, ते विचारू नका. मन केवढं, ते विचारा! हा सिद्ध दगड न्या, वाडग्यात समुद्र नांदेल."

भाचा आणि त्याच्या बायकोसोबत आलेल्या आत्यांनी नाक मुरडलं. सिद्ध दगड त्यांच्या घरीही नांदत होता. मासे तेवढे मरत होते.

"गुरुजी, आमचेच का मरतात?" भाच्याने विचारलं.

"घरात कुणी टक लावून बघतं?"

भाच्याची मान आत्यांकडे वळली. त्याच्या बायकोची आधीच वळलेली होती.

"त्यांना मागच्या खोलीत बसवा."

झालं! हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची, आत्यांची हक्काची एवढीच जागा, गेली.

(सगळे वर बघताहेत. आपण जरा खाली बघू.)

खाली: आत्यांचा ठणकणारा गुडघा. म्हणून त्या बुटक्या स्टुलावर टेकल्या.

खाली: टेबलाचं बंद कपाट. फटीवर मिठाचा पांढरा थर.

खाली: कपाटातून गुरगुर. आणि भिंतीतल्या बटणापर्यंत गेलेली वायर.

आत्यांनी बटण दाबलं.

वर: दगडाचा श्वास बंद.

"नजर! नजर लागली!" गुरू किंचाळले.

"बोट लावलंय, नजर कुठली?" आत्यांनी कपाट उघडलं. आत कपाटभर मोठी टाकी, पंप, हीटर, फेसासोबत घाण काढणारं यंत्र. पोकळ दगडातून पाणी वर चढायचं, वाडग्याच्या बुडातून परत उतरायचं.

"गुरुजी, तुमचं मन बरंच मोठं निघालं हो!"

गुरूंना खोकला आला.

"आणि तू रे," आत्या भाच्याकडे वळल्या, "मी टक लावते म्हणून सांगते. वाडग्यातलं पाणी रोज उतरतं. वाफ उडते, मीठ मागे राहतं. गोडं घालायचं सोडून तू वरून पुन्हा खारंच पाणी ओततोस. लोणचं घालतोयस का माशाचं?"

थोडं पाणी पटकन तापतं, पटकन नासतं. मोठी टाकी आपल्या चुका पोटात घालते. समुद्री मासा पाळायचा तर मोठी टाकी, पंप, हीटर आणि खारेपणा मोजायचं साधन घ्या. आणि कुणी वर बोट दाखवलं, की आधी टेबलाखाली वाका.

भाच्याने घरी मोठी टाकी आणली. मग खिडकीजवळची खुर्ची उचलून तिच्यासमोर ठेवली.

"आत्या, बघत बस गं. पाणी उतरलं की हाक मार."

"ओरडेन," आत्या म्हणाल्या आणि टक लावून बसल्या.