चौदा भांडी डिझेल

"आजपासून या घराचा आणि पंपाचा संबंध संपला," इंजिनिअरने अंगणाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "आता ट्रॅक्टर डिझेलकडे जाणार नाही. डिझेल ट्रॅक्टरकडे येईल."

"पंपवाल्याला कळवलंत का?" बायकोने आतून विचारलं. "रडेल हो बिचारा."

इंजिनिअर हे त्याचं शिक्षण नव्हतं, टोपणनाव होतं. चार वर्षांपूर्वी त्याने घरातला छताचा पंखा दुरुस्त केला होता. पंखा तेव्हापासून मस्त फिरतो, फक्त वारा वर जातो. छत गार असतं, माणसं घामाघूम.

पण या वेळी गोष्ट पंख्याएवढी स्वस्तातली नव्हती. ट्रॅक्टर सासऱ्यांचा होता. सासरे आयुष्यभर मेकॅनिक. त्यांनी वर्षापूर्वी ट्रॅक्टर थोरल्या जावयाच्या दारात आणून लावला आणि म्हणाले, "वर्षभर सांभाळ. वर्षाने येऊन बघीन. नीट असेल तर कागद तुझ्या नावावर. नाहीतर धाकट्याला देऊन टाकीन." धाकटा जावई, म्हणजे इंजिनिअरचा साडू, सायकललासुद्धा पॉलिश करणारा माणूस. वर्ष येत्या रविवारी भरत होतं.

म्हणून इंजिनिअरने अंगणाच्या कोपऱ्यात छातीएवढा विटांचा चौथरा बांधून घेतला. त्याच्यावर दोनशे लिटरचं पिंप, पिंपाला खाली तोटी, तोटीला पाइप. तोटी सोडली की डिझेल आपल्या पायाने ट्रॅक्टरच्या टाकीत. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवायचं, की जावई नुसता ट्रॅक्टर चालवत नाही, डोकंही चालवतो.

शनिवारी सकाळी तो ट्रॉलीत रिकामं पिंप टाकून पंपावर गेला आणि काठोकाठ भरून आणलं. ट्रॅक्टरची टाकी मात्र भरली नाही. घरी दोनशे लिटर असताना पंपावर टाकी भरायची म्हणजे स्वतःच्याच योजनेचा अपमान. ट्रॅक्टर परत येताना दोनदा खोकला आणि अंगणात शिरून, चौथऱ्यापासून दहा पावलांवर, गप्प झाला.

"काय टायमिंग आहे!" इंजिनिअर उडी मारून उतरला. त्याने जुना टायर खाली टाकला, पिंप ट्रॉलीवरून त्याच्यावर ढकललं आणि गडगडत चौथऱ्यापाशी नेऊन उभं केलं. मग चौथऱ्याकडे पाहिलं. मग पिंपाकडे.

"आता हे वर कोण ठेवणार?" बायकोने विचारलं.

"ट्रॅक्टरने उचलू."

"ट्रॅक्टरमध्ये डिझेल कुठंय?"

"पिंपात."

"आणि पिंप?"

इंजिनिअरने चौथऱ्याला एक फेरी मारली. बादलीने टाकी भरणं त्याच्या योजनेत बसत नव्हतं. दोनशे लिटर डिझेल होतं, कोरडा ट्रॅक्टर होता, आणि दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे होते, लग्न ठरवायला आलेल्या लाजऱ्या मंडळींसारखे.

"उपाय सोपा आहे," तो अखेर म्हणाला. "पिंप रिकामं करायचं, वर ठेवायचं, परत भरायचं. घरातली भांडी काढ."

"घरातली?"

"शेजाऱ्यांची आण मग!"

शेजाऱ्यांना कळू देणं हे बायकोला डिझेलपेक्षा महाग वाटलं. तिने घरातल्या एकसारख्या निळ्या बादल्या काढल्या, दुधाचे कॅन काढले, आंघोळीचं पातेलं काढलं, आणि डोळे मिटून, माहेरहून आणलेला मोठा हंडाही काढला. इंजिनिअरने पाइपचं एक टोक पिंपात सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि जोर लावून ओढलं. डिझेल आलं. पहिला घोट त्याच्या पोटात गेला, दुसरा नाकातून परत आला.

"कसं आहे?" बायकोने विचारलं.

"शुद्ध आहे," तो डोळे पुसत म्हणाला.

निम्मं पिंप पाइपने उतरलं, उरलेलं दोघांनी पिंप तिरपं करून ओतलं. चौदा भांडी भरली. वास पसरू नये म्हणून बायकोने प्रत्येकावर झाकण, ताट, परात, जे मिळेल ते ठेवलं आणि सगळी ओसरीत ओळीने लावली. वास तरीही पसरला. इतका, की दुपारी भाताचा घास तोंडात घातला तरी ट्रॅक्टर गिळल्यासारखं वाटत होतं.

घरात एकच माणूस सुखी होतं, ते म्हणजे इंजिनिअरची आत्या. तिला आठ दिवस सर्दी होती आणि नाक सिमेंटने लिंपल्यासारखं बंद होतं. ओसरीत भांड्यांची रांग पाहून ती खूश झाली. "पाहुण्यांसाठी पाणी भरून ठेवलंत होय! शहाणी झालीत." तिने तिची फरशी पुसायची निळी बादलीही नेहमीप्रमाणे उद्यासाठी आजच पाण्याने भरली, वर ताट झाकलं आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली.

संध्याकाळी रिकामं पिंप चौथऱ्यावर चढलं. इंजिनिअर वर स्टुलावर, हातात नरसाळं. बायको खालून भांडी देत होती आणि मोजत होती.

"बारा... तेरा... हे घ्या चौदा. झालं."

"चौदा उतरवली, चौदा चढवली!" इंजिनिअरने वरूनच सांगितलं. "याला म्हणतात काम."

"मग आता टाकीत सोडा, बघू तरी."

"छे! पहिली धार मामांच्या हाताने. उद्या."

रविवारी सकाळी सासरे आले ते थेट अंगणातच. बोलणं कमी, बघणं जास्त असा माणूस. चौथरा बघितला, हाताने हलवून पाहिला. पिंप बघितलं. मान हलवली. इंजिनिअरच्या छातीत बँड वाजायला लागला.

"मामा, तोटी सोडा. तुमच्या हस्ते."

"आधी काचेचा ग्लास आण," सासरे म्हणाले.

"आता चहाच येतोय की."

"प्यायला नाही. आण."

ग्लास आला. सासऱ्यांनी तोटीखाली धरला, तोटी सोडली, ग्लास भरला आणि उन्हात धरला. ग्लासातून पलीकडचा लिंबोणीचा वाफा स्वच्छ दिसत होता.

"बघा!" इंजिनिअर बायकोकडे वळला. "काय माल आहे! अगदी पाण्यासारखं!"

सासऱ्यांनी वास घेतला. मग ग्लासात बोट बुडवलं, बोटं चोळली.

"जावईबापू," ते म्हणाले, "पाणीच आहे."

अंगणात एक कोंबडी चालत होती, तीही थांबली.

"पंपवाल्याने फसवलं!" इंजिनिअर ओरडला. "पिंपभर पाणी दिलं मला!"

"काल दोन घोट प्यायलात ते काय होतं मग?" बायको म्हणाली. "पाणी होतं तर रात्रभर ढेकर कसले देत होतात?"

सासऱ्यांनी बादली मागवली आणि तोटी चालू ठेवली. पाणी आलं, आणखी आलं, बादली भरत आली, आणि मग धार पिवळसर झाली. त्यांनी तोटी बंद केली.

"पाणी जड. तळाला बसतं. तोटी तुझी तळाला. म्हणून आधी तेच आलं." मग जावयाकडे वळून, "टाकीत सोडलं नव्हतंस ना?"

"नाही. पहिली धार तुमच्यासाठी ठेवली होती."

"म्हणजे मिरवायच्या हौसेने ट्रॅक्टर वाचला," सासरे म्हणाले. "पाण्याने इंजिनाचा डिझेल-पंप गेला असता, नोझल गेले असते."

त्यांनी आणखी एक ग्लास तपासला, मग टाकी भरली, ट्रॅक्टर कोरडा पडला होता म्हणून स्क्रू ढिला करून लाइनमधली हवा काढली आणि चावी फिरवली. ट्रॅक्टर गुरगुरला, काळा धूर सोडला आणि सुरू झाला. सासऱ्यांनी इंजिनावर हात ठेवून डोळे मिटले, लहान मुलाचा ताप बघावा तसे. चाकं बघितली, नट बघितले, तेल बघितलं.

"पिंपाचं सोड," ते म्हणाले, "ट्रॅक्टर चांगला ठेवलायस. धाकटा पुसतो फार, चालवत नाही. चल, सही करतो. कागद पिशवीत आहेत, चष्माही."

बायकोने पदर डोळ्याला लावला; आनंदाने की वासाने, ते कळलं नाही.

"आत्या! बाबा आत येतायत!" तिने हाक मारली.

"येऊ दे की, सूनबाई!" आतून आत्याचा बंद नाकातला आवाज आला. "आत्ताच दुसऱ्यांदा पुसून काढलंय सगळं. कसला साबण आणलायस गं? फेस म्हणून येत नाही मेला, पण फरशी कशी आरशासारखी झालीय! तोंड दिसतंय त्यात!"

सासरे पिशवी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले आणि एक पाय आत टाकता टाकता मेकॅनिकच्या जुन्या सवयीने वळले.

"एक राहिलं," ते म्हणाले. "बादलीभर पाणी जर पिंपात गेलं, तर बादलीभर डिझेल कुठे..."

सासरे त्या आरशावरून घसरले; हाड मनगटाला मोडलं होतं, उजव्या. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. सासरे सही उजव्या हातानेच करतात, आणि त्यांना गाडीतून घरी न्यायला साडू आला होता.