डब्याची आवडनिवड

चष्मेवाल्यांना घरी गाणं ऐकायचं म्हणजे आधी कॉम्प्युटरची मनधरणी करावी लागायची. तो घरघरत जागा व्हायचा, पासवर्ड मागायचा, कसलंतरी अपडेट पुढे करायचा, आणि एकदाचं गाणं सुरू झालं की नेमक्या हळव्या जागी टुंग करून मेल आल्याची वर्दी द्यायचा. तरी चष्मेवाल्यांनी त्याला कधी अंतर दिलं नाही. त्यातली हजारो गाणी त्यांनी स्वतः जमवलेली होती, फोल्डरात फोल्डर घालून लावलेली होती, आणि कुठलं गाणं कुठे दडलंय हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. घरात दुसऱ्या कुणाला काही ऐकायचं असेल तर त्यांच्याकडे रीतसर अर्ज करावा लागायचा.

अर्ज करणारं माणूस घरात एकच होतं, त्यांची बायको. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि धरलेल्या माना सोडवायची, आणि ते करताना क्लिनिकमध्ये फोनवर गाणी लावून ठेवायची. कुठल्या गाण्याने माणसाचे खांदे खाली येतात ते तिच्या बोटांना कळायचं. पण घरी तिने एखादं गाणं सुचवलं, की चष्मेवाले नाक मुरडून म्हणायचे, "अगं, ती पाठदुखीची गाणी. तुझ्या पेशंटना ठीक आहेत." सुरुवातीची काही वर्षं ती यावरून भांडली. मग तिने तो नाद सोडला, पण मनातली खुटखुट काही गेली नाही.

शेवटी एके दिवशी कॉम्प्युटरनेच मान टाकली. चष्मेवाल्यांचं जेवणावरून लक्ष उडालं, तेव्हा तिने आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. त्याचा धंदाच घरोघरी स्पीकर बसवून देण्याचा. त्याने जुनी गाणी कशीबशी वाचवली, आणि कॉम्प्युटरच्या जागी जेवणाच्या डब्याएवढी एक काळी वस्तू आणून ठेवली.

"भावजी, आता कॉम्प्युटर विसरा," तो वायरी जोडता जोडता म्हणाला. "हा म्युझिक स्ट्रीमर. याला गाणी वाजवण्यापलीकडे काही येत नाही, म्हणून ती चांगली वाजवतो. तुमची सगळी गाणी यात आहेत, शिवाय इंटरनेटवरची. तुमचं गाणं संपलं की तुमची आवड ओळखून पुढचं आपणहून लावेल. आणि घरातल्या कुठल्याही फोनवरून..."

इकडे चष्मेवाल्यांचं लक्ष कुठे होतं! चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने ते डब्यावरची धूळ पुसत होते, आणि डबा तर नुकताच खोक्यातून बाहेर आला होता. फोनचं नाव ऐकून तेवढे भानावर आले आणि म्हणाले, "फोन-बिन मला नको. रिमोट आहे ना? बास झालं." मेहुण्याने खांदे उडवले आणि डबा चालवायचं अॅप बहिणीच्या फोनवर घातलं. "ताई, इथे दाबलं की गाणं रांगेत जातं. एवढंच."

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी ती भाजी चिरत होती. बाहेर चष्मेवाल्यांचं आवडतं व्हायोलिन संपलं, आणि डब्याने आपल्या अकलेने काहीतरी मिळमिळीत सुरू केलं. तिने हात पुसले, फोन घेतला आणि क्लॅरिनेटचा एक संथ तुकडा रांगेत ढकलला. जणू शेजाऱ्यांच्या घरात शिरून फ्रीजच उघडला होता. मग तिने दारातून हळूच डोकावून पाहिलं. चष्मेवाले खुर्चीत ताठ बसले होते. क्लॅरिनेट वळण घेऊन खाली आलं आणि त्याच्याबरोबर त्यांचे खांदेही खाली आले.

"वा!" चष्मेवाले डब्याला म्हणाले. "क्या बात है!"

'मी लावलं' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण तिने ते गिळले. नाव सांगितलं की त्या क्लॅरिनेटचं पाठदुखीचं गाणं व्हायला कितीसा वेळ लागणार होता? निदान असं गुपचूप का होईना, तिचं गाणं तिच्या घरात कुणीतरी मन लावून ऐकत होतं.

मग तिला चटकच लागली. ती स्वयंपाकघरातून चष्मेवाल्यांच्या खांद्यांवर नजर ठेवायची आणि एकेक गाणं सोडायची. चष्मेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम ठेवून ते त्याला डब्याची थोरवी ऐकवायचे, आणि गिऱ्हाईक बिचारं आरशात बघायला कधी मिळतंय याची वाट पाहत बसायचं. ती हे सगळं ऐकून पोट धरून हसायची. पण एकदा जेवताना ते म्हणाले, "या डब्याला जे कळतं ना, ते इतक्या वर्षांत घरात कुणाला कळलं नाही." त्या दिवशी तिला हसू आलं नाही. तिने पातेल्यावर झाकण जरा जोरातच आपटलं.

"मला एका डब्याचा मत्सर वाटायला लागलाय," तिने भावाला फोनवर सांगितलं.

भाऊ खो खो हसला. "मग सांगून टाक ना, ताई."

"सांगितलं तर ऐकायचं बंद करतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर डब्याला डोक्यावर घेऊन नाचतील. माझी दोन्हीकडून पंचाईत."

रविवारी दुपारी चष्मेवाल्यांनी दोन मित्रांना बोलावलं. एक दंतवैद्य, एक निवृत्त हेडमास्तर. दंतवैद्यांना असाच डबा घ्यायचा होता, म्हणून हा प्रयोग. चष्मेवाल्यांनी डब्यावर लांबलचक भाषण केलं. ती चहा घेऊन आली तशी हेडमास्तरांनी सहज विचारलं, "वहिनी, तुम्हीही ऐकता की नाही?"

"तिला कुठलं!" उत्तर चष्मेवाल्यांनीच दिलं, हसत हसत, मनात काहीही वाकडं नसताना. "तिला आपली क्लिनिकमधली चालतात."

तिने ट्रे ठेवला, आत गेली आणि फोन ओट्यावर पालथा घातला. वाजव म्हणावं आता, तुझं तूच.

डब्याने वाजवलं. आधी मॉलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसलं काहीतरी. मग व्यायामशाळेतली धडधड. चष्मेवाल्यांनी घाईघाईने रिमोट दाबला, तर बदकांचं एक बालगीत लागलं.

"माझ्या दवाखान्यात हे चालेल," दंतवैद्य सौजन्याने म्हणाले. "ड्रिलचा आवाज झाकला जाईल."

"रोज असं नाही हो करत तो," चष्मेवाले काकुळतीला येऊन म्हणाले आणि त्यांनी डब्याला हलकेच थोपटलं. पाहुण्यांसमोर पोराने कविता म्हणून दाखवली नाही की बापाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता. ती आतून बघत होती. हीच फजिती तर तिला बघायची होती. पण त्यांचे खांदे कानांना टेकायला आलेले तिला बघवेनात. स्वतःवरच चरफडत तिने फोन उचलला आणि पियानो लावला.

"आला! आला ताळ्यावर!" बाहेरून चष्मेवाले ओरडले, आणि घाम पुसत पाणी प्यायला आत आले. तिचा अंगठा अजून फोनवरच होता. पडद्यावर त्याच पियानोचं नाव.

"हे... तू लावलंस?"

"हो."

"आजच?"

"रोज."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पडद्यावर बदल काही झाला नव्हता. "ते क्लॅरिनेट?"

"मीच."

"मी दुकानात सगळ्यांना सांगितलं ते?"

"तेही मीच."

आता यांच्या तोंडातून 'पाठदुखी' निघणार, आणि उद्यापासून स्वयंपाकघरातून गाणी सोडणं बंद होणार, असं तिला वाटलं. पण चष्मेवाले पाणी न पिताच बाहेर गेले.

"दंतवैद्य," तिला ऐकू आलं, "डबा जरूर घ्या. आवाज झकास आहे. पण गाणी हा निवडत नव्हता, ही निवडत होती. आणि मी मूर्ख महिनाभर डब्याची पाठ थोपटत होतो."

दोघे मित्र इतके हसले की हेडमास्तरांना ठसका लागला. त्या हसण्यातच चष्मेवाल्यांची हाक आली, "अगं, बाहेर ये की! पुढचं काय लावतेस?"

ती बाहेर आली, पण तिला अजून भरवसा वाटत नव्हता. आजवर लावलं होतं ते सगळं त्यांना आवडेल असंच, बेताबेताने. तिने एक गाणं काढलं, जे तिचं सगळ्यात लाडकं होतं आणि लावायचा धीर तिला कधी झाला नव्हता. एका बाईचा नुसता आवाज, वाद्य एकही नाही. चौघांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"नाही आवडलं," चष्मेवाले म्हणाले.

हेडमास्तरांनी कपात डोकं घातलं.

"पण तुला काय आवडतं त्यात?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "सांग ना."

भांडणाची सगळी उत्तरं तिच्याजवळ तयार होती. हा प्रश्न मात्र तिला आजपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. फोन पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "पुन्हा लावते. ती वरचा सूर घ्यायच्या आधी थांबते, तिथे नीट ऐका. आपल्याला जमेल की नाही, याची तिलाच खात्री नसते. आणि तरी ती जाते."

गाणं पुन्हा सुरू झालं. चष्मेवाले पुढे वाकून, डोळे मिटून बसले. ती जागा आली आणि गेली.

"ऐकलं?"

"ऐकलं," ते म्हणाले. "गाणं अजून नाही आवडलं. पण ती थांबली ते ऐकलं. खरंच घाबरली होती गं ती."

आवडलं म्हणाले असते तर तिचा विश्वास बसला नसता. ती डोळे पुसून हसली, आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. "बरं, आता दुसरं ऐका," ती म्हणाली, "हे तर तुम्हाला मुळीच आवडणार नाही."