मापाचा प्रसंग

एप्रिल आला की माझं डोकं फिरतं. नवऱ्याला हे ठाऊक आहे. तो एप्रिलभर मला काही विचारत नाही, मुकाट्याने नाश्ता करतो आणि गळ घेऊन ओढ्यावर ट्राउट मासे पकडायला निघून जातो. कारण एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर निबंध येऊन पडतात. आमच्या कॉलेजातून ज्या पोरांना पुढे मेडिकलला जायचंय, त्या सगळ्यांचे अर्ज माझ्या हाताखालून जातात. मार्क असतात, प्रवेश परीक्षा असते, दवाखान्यात किती तास काम केलं, वृद्धाश्रमात किती तास घालवले, तेही असतं. ते सगळं पोरं रेटून नेतात. खरी रड निबंधाची. मला डॉक्टर का व्हायचंय, एका पानात सांगा.

आता खरं कारण कुणाला धड माहीत असतं? मला विचाराल तर माझं लग्न का झालं हेही मला एका पानात सांगता येणार नाही. पण मेडिकल कॉलेजांना प्रसंग हवा असतो. एखादा असा क्षण, की पोराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याने ठरवलं, बस, डॉक्टरच. म्हणून आमची पोरं दुसऱ्या वर्षापासून प्रसंगाच्या शोधात फिरतात. कुणी पडलं, कुणाला चक्कर आली, की ही आपली धावत तिथे हजर.

तर त्या एप्रिलात मी ग्रेडीचा निबंध उघडला. ग्रेडी म्हणजे आमचा फुटबॉलवाला, गोड पोरगा, पण निबंधात स्वतःलाच शाबासकी देणारा. त्यात टेकडीवरच्या वृद्धाश्रमातली एक आजीबाई होती. संध्याकाळची वेळ, खिडकी, आजीबाईंचा पाखरासारखा हलका हात त्याच्या हातात, आणि त्या पुटपुटतात, ‘मला फार भीती वाटत होती रे, तू हात धरलास आणि गेली बघ.’ बरं. मी खाली ‘ठीक’ असं लिहिलं.

मग सिएनाचा उघडला. खिडकी, संध्याकाळ, आजीबाई. पाखरासारखा हात. ‘तू हात धरलास आणि गेली बघ.’

मी चहा बाजूला ठेवला.

तिसरा टेस कोवालिकचा होता. तोवर माझ्या लक्षात आलंच होतं, पण तरी वाचला. तेच पाखरू.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं या खुर्चीत बसलेय. रडकी पोरं पाहिली, मस्तीखोर पाहिली, आईबापांना घेऊन भांडायला आलेली पाहिली. पण तिघांनी मिळून एकच निबंध कॉपी करायचा आणि तो माझ्याच टेबलावर आणून ठेवायचा, म्हणजे मला काय मूर्ख समजलात काय? मी तिघांनाही बोलावणं धाडलं.

तिघं समोर बसली. मी तिन्ही कागद ओळीने मांडले आणि म्हटलं, “वाचा.”

ग्रेडीने वाचलं. सिएनाने वाचलं. मग दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू एकाच मुलीला दोघं फिरायला नेतायत हे त्यांना आत्ताच कळलंय.

“मॅडम, शप्पथ, हे माझ्यासोबत झालंय,” ग्रेडी म्हणाला. “मिसेस हॅडिक्स. गुरुवारी. जेवणात मीटलोफ असतो त्या दिवशी.”

“माझ्यासोबत मंगळवारी,” सिएना म्हणाली. “त्याच. शब्दसुद्धा हेच. मी तर रडले होते.”

“मीपण,” ग्रेडी म्हणाला, आणि लगेच घसा खाकरला.

मला हसू यायला लागलं, ते मी दाबलं. हे कॉपीचं प्रकरण नव्हतंच. मिसेस हॅडिक्सना मी ओळखते, गावात कोण ओळखत नाही? आमच्या मेन स्ट्रीटवर बुटांचं दुकान होतं, तिथे त्यांनी उभं आयुष्य बूट विकले. माझ्या लग्नातले बूटही त्यांनीच गळ्यात मारले होते, आणि अजून चावतात. (हे सगळं मी त्यांच्या परवानगीनेच सांगतेय. ‘सांग, पण मला म्हातारी म्हणू नकोस,’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं.)

“म्हणजे आजी आम्हाला खेळवत होती?” ग्रेडी म्हणाला. दोन मिनिटं तोंड पाडून बसला, मग म्हणाला, “जाऊ दे. मग मी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर लिहितो.” सिएनाकडेही एक काका शिल्लक होता. दोघं उठून गेलीसुद्धा. पोरं हुशार आहेत, त्यांच्याकडे सुटे प्रसंग असतातच.

टेस मात्र बसून राहिली. तिने कागदाला हात लावला नव्हता.

टेसचं सांगायला हवं. ही गेल्या वर्षीही अर्ज करून बसली होती आणि सगळीकडून नकार आला होता. मार्क उत्तम, परीक्षा उत्तम, पण निबंध म्हणजे धुतलेल्या भांड्यासारखा, स्वच्छ आणि रिकामा. ‘प्रसंग नाही,’ असं एका कॉलेजने स्पष्ट कळवलं होतं. आमच्याकडे दोनदाच संधी देतात. यंदा सोमवारी निबंध आमच्या कॉलेजच्या कमिटीपुढे गेला नाही, तर कमिटीचं शिफारसपत्र नाही, आणि ते नसलं की बाहेर कुणी अर्ज उघडूनही बघत नाही. झालं, विषय संपला. आणि तिच्याकडे ना गुडघा, ना काका.

“मॅडम, बाकीच्यांचं मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण मला त्या दिवशी खरंच कळलं होतं, की मला हेच करायचंय. नकार आल्यापासून मला वाटत होतं की मी उगीच हट्ट करतेय. मग त्यांनी हात धरला. आणि आता ते नाटक निघालं. मग मला जे कळलं ते काय होतं?”

मी म्हटलं, “टेस, घरी जा, झोप, उद्या बघू.” ती उठली आणि सायकल काढून सरळ टेकडीच्या रस्त्याला लागली. पोरगी भांडायला निघाली होती. मी म्हटलं, हिने त्या बाईचं काही बरंवाईट करायच्या आत आपण गेलेलं बरं. अर्ध्या चढावर तिला गाठलं.

“गाडीत बस.”

“मी जाईन.”

“बस म्हणते ना. धापा टाकत भांडता येत नाही.”

ती बसली. सायकल मागे कोंबली, तिच्या साखळीचं तेल माझ्या सीटला लागलं, ते अजून आहे.

मिसेस हॅडिक्स खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. ओठांना लाली, केस बसवलेले, मांडीवरून खाली लोळणारी शाल. आम्हाला पाहिलं आणि चेहरा लगेच दुःखी केला, हात पुढे. टेसने हात धरला नाही.

“ग्रेडीचापण हात धरलात,” टेस म्हणाली. “आणि सिएनाचा. तेच वाक्य. तिघांनाही.”

हॅडिक्सबाईंनी हात मागे घेतला. दुःखी चेहराही आवरता घेतला.

“कोण सिएना? ती लांब वेणीवाली? तिला चांगलं बसलं होतं ते,” त्या म्हणाल्या. “त्या दांडगटाला जरा सैल झालं.”

“तुम्ही आमची थट्टा करत होतात?”

“थट्टा कसली, पोरी? मी आयुष्यभर बूट विकले. गिऱ्हाईक दारातून आत आलं की चालीवरून कळायचं याला काय हवंय. तुम्ही पोरं येता, पाण्याचा जग ठेवता, आणि माझ्याकडे अशी बघत उभी राहता, की आजी, आता काहीतरी होऊ दे. मग मी करते काहीतरी. फुकट देते, वर तक्रार?” मग माझ्याकडे वळल्या. “आणि तू काय बघतेस? तूच पाठवतेस ना यांना माझ्याकडे?”

खोटं काय त्यात? पाठवते मीच.

“मला ते खरं वाटलं होतं,” टेस म्हणाली. “मी त्याच्यावर सगळं ठरवलं होतं.”

“मग चुकलंच तुझं. एवढ्याशा हातावर कुणी सगळं ठरवतं होय?” बाई म्हणाल्या, पण तितक्या जोरात नाही. शाल त्यांनी पायांवर आणखी खाली ओढली.

टेस काहीतरी खरमरीत बोलणार होती. तोंड उघडलं होतं तिने. मग ती थांबली. शालीकडे पाहत राहिली.

“तुमचे लाल बूट कुठेत?” तिने विचारलं.

“आज नाही घातले.”

“तुम्ही रोज घालता. अंथरुणातसुद्धा घालता. परवाही नव्हते.”

“माझे बूट, माझी मर्जी. तू भांडायला आलीस ना? भांड की.”

टेस खाली जमिनीवर बसली. भांडण कुठल्या कुठे गेलं होतं. “मी शाल बाजूला करू का?” तिने विचारलं. बाई नको म्हणाल्या. टेस हलली नाही. पुन्हा विचारलं, तेवढ्याच शांतपणे. बाई पुन्हा नको म्हणाल्या, पण आता त्यांच्या ओठांवरची लाली थरथरत होती, आणि हे नाटक नव्हतं, ते मलासुद्धा कळत होतं. मग त्यांनी स्वतःच शाल वर घेतली.

उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. वास आला. मी तोंड फिरवलं, मला असलं बघवत नाही, म्हणून तर मी टेबलाच्या या बाजूला बसते. टेसने तोंड फिरवलं नाही. हातसुद्धा लावला नाही, फक्त जवळून पाहिलं.

“दुखतं?”

“नाही. तेच तर,” बाई म्हणाल्या. त्यांना साखरेचा त्रास होता. अंघोळ त्या अजून स्वतःची स्वतः करत, म्हणून तिथल्या नर्सना पाय दिसला नव्हता. “माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. दुकानात एकदा एक बूट मागायला आली होती, एकच. मी तिला दोन विकले, सवयीने.” त्या थांबल्या. “कुणाला सांगू नकोस ना. एवढं कर माझ्यासाठी.”

“नर्सना मी सांगणार आहे,” टेस म्हणाली. “तुम्ही सांगता की मी सांगू? तुम्ही सांगितलंत तर बरं. मी इथेच बसते. बाकी कुणाला नाही सांगणार.”

हॅडिक्सबाईंनी तिला शिव्या घातल्या. दुकानात गिऱ्हाईक गेल्यावर घालत असतील तशा, ठेवणीतल्या. टेसने ऐकून घेतल्या. शेवटी बाईंनी स्वतःच घंटी दाबली. नर्स येईपर्यंत कुणी कुणाचा हात धरला नाही. टेस जमिनीवर बसून होती, बाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि मी भिंतीला टेकून उगीच पर्समध्ये काहीतरी शोधत होते.

बाईंना गावातल्या इस्पितळात नेलं. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. अजून थोडे दिवस काढले असते तर पाय गेला असता, असं तिथल्या सर्जनने सांगितलं.

हे ऐकलं आणि, काय लपवायचं, मला आधी बाईंचा आनंद झाला आणि लगेच त्याच्या मागोमाग टेसच्या निबंधाचा. असा प्रसंग मी इतक्या वर्षांत कुणाच्या अर्जात वाचला नव्हता. भांडायला गेलेली पोरगी, लाल बूट, शाल. कमिटी नुसती लोळण घेईल. आणि खरा. मी साक्षीदार. मी रविवारभर घरात गुणगुणत होते, नवऱ्याने आणलेला ट्राउटसुद्धा कौतुक करून खाल्ला.

सोमवारी सकाळी टेसने निबंध आणून दिला. मी हात चोळत उघडला.

लिहिलं होतं: ‘माझ्यासोबत सांगण्यासारखा प्रसंग अजून घडलेला नाही. मी आजारी माणसांच्या खोल्यांत पाणी भरते, ट्रे उचलते, उशा सारख्या करते. काम संपतं तेव्हा मला घरी जावंसं वाटत नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.’ पुढे असंच पानभर. साधं, सरळ. पायाचा उल्लेख नाही.

“आणि पाय?” मी म्हटलं.

“कुठला पाय?”

“कुठला पाय काय विचारतेस? टेस, आज सोमवार आहे. तुझी ही शेवटची संधी आहे. मागच्या वर्षी प्रसंग नाही म्हणून लाथाडलं तुला. आणि एवढा सोन्यासारखा हातात आलेला असताना तू मला पाण्याचे जग वाचायला देतेस?”

तिने मान खाली घातली. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही.

“मॅडम, पाय त्यांचा आहे,” ती म्हणाली. “त्या म्हणाल्या होत्या कुणाला सांगू नकोस. नर्सना सांगणं भाग होतं. कमिटीला सांगणं भाग नाहीये.”

“नाव बदल. वृद्धाश्रम बदल.”

“तरी त्यांचाच राहील.”

“तुला प्रवेश नाही मिळाला तर?”

“मग नाही मिळाला,” ती म्हणाली. तिला पर्वा नव्हती असं नाही. पर्वा फार होती, आणि तरीही ती सांगत नव्हती.

मी एक शब्दही न बदलता निबंध कमिटीच्या फाइलीत लावला. ही माझ्या आयुष्यात क्वचित घडणारी गोष्ट आहे. उद्या मी कुठल्यातरी खोलीत शालीखाली काहीतरी लपवून पडले, तर दारातून आत हीच पोरगी यावी, असं मला त्या क्षणी फार वाटलं.

दुपारी कमिटीच्या शिफारसपत्रात मी टेस कोवालिकबद्दल लिहिलं, की या मुलीला दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवता येते, आणि जे सांगायलाच हवं ते ती तोंडावर सांगते. कमिटीत आमचे केमिस्ट्रीचे प्रोफेसर आहेत, लॅमरो, चष्मा नाकावर आणून वाचणारे. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “छान आहे, पण हवेत आहे. एखादं उदाहरण घाल ना.”

“नाही घालता येत,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग कागद ओढला आणि सही केली.