नारळाची मूल्य

आमच्या ह्यांना मराठी येत नाही, असा शेरा मारून एक साहेब जालन्याहून निघून गेले. जन्म मंठ्याचा, आई मंठ्याची, आणि म्हणे मराठी येत नाही! तेव्हापासून भाषेच्या अभिमानाची भाषणं ऐकली की माझं डोकं फिरतं.

मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी काढलेल्या व्यापार विद्यालयात हे अर्थशास्त्र शिकवायचे. त्याच इमारतीच्या मागच्या खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं आणि वर्गाची एक खिडकी माझ्या स्वयंपाकघरात उघडायची. भाजी निवडता निवडता माझंही निम्मं अर्थशास्त्र होऊन गेलं होतं. ह्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, सगळं उर्दूतून झालेलं. मागणीला ते ‘तलब’ म्हणायचे, पुरवठ्याला ‘रसद’. पहिल्याच दिवशी ‘तलब’ ऐकून पोरं फिदीफिदी हसली, कारण त्यांच्या घरी तलब यायची ती तंबाखूची. हेही हसले आणि म्हणाले, “बराबर! तंबाखूची तलब आली अन् दुकानात एकच पुडी उरली, तर दुकानदार काय भाव सांगंल?” झालं, सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. असं शिकवायचे ते.

मग आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि शिकवणं मराठीतूनच व्हावं असं ठरलं. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार, त्यांनी पसंत केलं तरच ह्यांची जागा राहणार. विद्यालयाचे चिटणीस धर्मराजशेठ घरी येऊन बजावून गेले. “सर, साहेबासमोर एक बी उर्दू लफ्ज निघाला न्हाई पाहिजे. बिलकुल न्हाई. न्हाई तर मंग आम्हाला दुसरा मास्तर पाहावा लागंल.”

ह्यांनी ते भलतंच मनावर घेतलं. मी नगरकडची, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून विचारपूस माझ्याकडे सुरू झाली.

“विमल, मागणी आपला शब्द?”

“आपला.”

“किंमत?”

“आपलाच की.”

“उर्दूतही किंमतच म्हणतात.”

“म्हणू देत.”

“नफा? मजूर? जमीन? बाजार?”

“अहो, सगळंच परत करून टाकलंत तर आपल्याकडे राहील काय? वरणभात?”

हे हसले नाहीत. किमतीच्या जागी त्यांनी मूल्य घातलं, नफ्याच्या जागी लाभ, मजुराच्या जागी श्रमिक. आंघोळ करताना पुटपुटायचे, जेवताना घास हातात धरून थांबायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, “माझी आजी बाजारालाच जायची. ती काय हैदराबादची होती?”

“तू बोललीस तर चालतं,” हे म्हणाले. “तुझ्याकडे कुणी बोट दाखवत नाही.”

फार वाईट वाटलं.

तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. ह्यांनी आपलं आवडतं उदाहरण घेतलं. “अंगारकीला राजूरच्या गणपतीला लोक लोटतात. त्या दिवशी तिथल्या बा...” आणि थांबले. ‘बाजारात’ म्हणायचं होतं. पुढच्या बाकावरचा भुजंग हळूच म्हणाला, “बाजारात, सर.” ह्यांनी घाबरून मान हलवली. “त्या स्थळी... नारळाची मूल्य वाढते.”

नारळाची मूल्य! किंमत काढून मूल्य बसवलं, पण ‘ची’ तशीच राहून गेली. पोरं हसली असती तर बरं झालं असतं. एकही हसलं नाही. हे खडू हातात धरून फळ्याकडे बघत उभे राहिले ते राहिलेच.

साहेब उठले. “यांना मराठी येत नाही. यांची शिफारस मला करता येणार नाही. फार तर हजेरीचं काम द्या.”

शिफारस! हजेरी! हे उर्दू शब्द काय साहेबांच्या आजोळचे होते? खिडकीतून विचारावं असं फार वाटलं. पण नवऱ्याची आणखी शोभा नको म्हणून ओठ दाबून उभी राहिले.

पुण्याहून नवे मास्तर आले. हे ऑफिसात बसून पोरांच्या हजेऱ्या लावू लागले. घरी बोलणं जवळजवळ बंदच झालं. काही हवं असलं की आधी थांबायचे, मनात शब्द उलटासुलटा करून पाहायचे, आणि बहुतेक वेळा हातानेच खूण करायचे.

दिवाळीला सासूबाई आल्या. लेकाला पाहून त्यांचा जीव गलबलला. “काऊन रं भालू, किती वाळलास! बराबर जेवून राह्यलास का न्हाई? कशाची फिकीर करू नको. जल्दी हात धू, मंग बोलू.”

हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग किती दिवसांनी न अडखळता बोलले.

“आई, मराठीत बोल.”

थट्टा समजून सासूबाई हसायला लागल्या. पण लेकाचा चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं. जन्मभरात त्यांना दुसरी भाषा ठाऊक नव्हती. त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “विमल, मी काय बोलले गं?”